नेपल्सचे ‘जेनोवेझे’

नेपल्स शहराची पाककीर्ती आज टोमॅटोच्या लाल रंगाने इतकी माखून गेली आहे की, त्याच शहरात रविवारी आणि सणासुदीला घरोघर गोमांस व कांदा यांचा एक तपकिरी रस्सा तासन्‌तास शिजत असतो, आणि त्याचे नाते टोमॅटोच्या आगमनापूर्वीच्या स्वयंपाकाशी आहे, ही गोष्ट परक्याच्या सहसा ध्यानी येत नाही. या रश्शाला तेथील लोक ‘जेनोवेझे’, म्हणजे जिनोआकडचा, असे म्हणतात. आणि मौज अशी की, खुद्द जिनोआत तो कोणी रांधीत नाही.

दीर्घकाळ शिजविल्यावाचून मऊ न होणारा मांसाचा एक अखंड तुकडा, त्याच्या दुपटीच्या आसपास बारीक चिरलेला कांदा, थोडे गाजर व सेलरी, ऑलिव्हचे तेल किंवा डुकराची चरबी आणि पांढऱ्या वाइनचा शिडकावा, एवढाच याचा सरंजाम. कांदा शक्यतो आवेल्लीनो प्रांतातील मोंतोरोचा, तांबूस सालीचा व गोड चवीचा असावा, असा जाणकारांचा आग्रह असतो. पाणी घालण्याची गरज फारशी पडत नाही, कारण कांद्याच्या वजनाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाणीच असते. मंद आचेवर ते सुटते आणि सावकाश आटते, कांद्यातील साखर तांबूस होऊ लागते, मांसातील चिवट पडदे विरघळून रश्शाला दाटपणा आणतात, आणि चार-पाच तासांनी पातेल्यात कांद्याची पाकळी म्हणून ओळखू येईल असे काही उरत नाही. मग हाताने मोडलेल्या ‘झीती’ या पोकळ पास्त्यावर तो रस्सा पहिल्या वाढपात येतो, आणि मांसाचे काप दुसऱ्या वाढपासाठी राखले जातात.

नावाचा उलगडा इतिहासकारांनी नाना प्रकारे केला आहे. 1442 मध्ये आरागॉनच्या आल्फोन्सोने नेपल्स जिंकले, आणि 1503 पासून दोन शतके तेथे स्पेनच्या व्हाइसरॉयांचा अंमल चालला. या स्पॅनिश राजसत्तेस कर्जे पुरविणारे सावकार जिनोआचे होते, आणि त्यांच्या देशबांधवांची नेपल्समधील वस्ती इतकी प्रतिष्ठित होती की, संत जॉर्जच्या नावाचे तिचे स्वतंत्र चर्च तेथे उभे राहिले. कोणी या रश्शाचे श्रेय बंदरावरील जिनोई खानावळींना देतात, कोणी सरदारांच्या मुदपाकखान्यातील जिनोई आचाऱ्यांना; निर्विवाद पुरावा मात्र कोणाच्याच पदरी नाही. चौदाव्या शतकात नेपल्सच्या आंजू घराण्याच्या दरबाराशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन ग्रंथात तेलात परतलेल्या कांद्यासह शिजविलेल्या जिनोई शेवयांची कृती आढळते. पण त्या आधारावर मांसाच्या या रश्शाची वंशावळ सिद्ध करणे धाडसाचे होईल.

मला अधिक बोलकी वाटते ती जिनोआच्या ‘तोक्को’ या रश्शाची साक्ष. तोही मांसाच्या अखंड तुकड्यावर मंदपणे सिद्ध होतो, त्याचाही रस पास्त्याला आणि मांस पुढच्या वाढपाला जाते. तेव्हा रीत समुद्रमार्गे उत्तरेकडून आली आणि कांद्याची ही मुबलकता तिला नेपल्सच्या पाठीशी असलेल्या सुपीक भूमीने दिली, असे अनुमान करण्यास हरकत नसावी.

पुढे टोमॅटोची सद्दी सुरू झाली. आंतोनियो लातीनी याने नेपल्समध्ये 1692 साली छापलेल्या ग्रंथात टोमॅटोची चटणी ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून नोंदविली. ड्यूक इप्पोलितो कावालकांती याच्या 1839 च्या आवृत्तीत, नेपल्सच्या बोलीत लिहिलेल्या घरगुती पाककृतींत, शेवयांशी टोमॅटोची सोयरीक जमलेली दिसते. आणि कालांतराने मांसाचा दुसरा थोर रस्सा ‘रागू’ सर्वस्वी लाल झाला. जेनोवेझेने मात्र आपला रंग सोडला नाही. त्याचे कारण जुन्याविषयीच्या भक्तीपेक्षा गृहिणीच्या हिशेबात शोधणे मला उचित वाटते: हलक्या भागाचे मांस, स्वस्त कांदा आणि एका पातेल्यातून निघणारी दोन वाढपे. दरबाराच्या आश्रयावर जगणाऱ्या पक्वान्नांना धनी बदलला की ग्रहण लागते. या रश्शाला लागणारी सर्वांत मोलाची वस्तू वेळ ही होती, आणि सुट्टीच्या सकाळी ती खर्च करण्यास गरीब घरालाही कोणाच्या सनदेची गरज पडली नाही.