विमा आणि विडी

विम्याच्या अर्जात एक प्रश्न असतो: आपण विडी, सिगारेट, तंबाखू घेता काय? "कधीमधी ओढतो, त्यात काय लिहायचं?" असे म्हणून पुष्कळजण 'नाही' लिहून मोकळे होतात. या साध्या प्रश्नामागे अडीचशे वर्षांपूर्वीचा एक निवाडा उभा आहे.

सुमात्रा बेटावर इंग्रजांचा मार्लबरो किल्ला होता. तो शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी, म्हणून गव्हर्नर जॉर्ज कार्टरसाठी लंडनमध्ये विमा उतरवला गेला. १७६० साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, "धोका लपवलात, पैसे मिळणार नाहीत." १७६६ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे कार्टर जिंकला, कारण फ्रेंचांचा धोका लंडनवाल्यालाही कळण्याजोगा होता. पण तत्त्व कायमचे ठरले: जगाला दिसते ते सांगायला नको, आपल्या एकट्यालाच ठाऊक असते, ते सांगितलेच पाहिजे.

विडी ही त्या दुसऱ्या प्रकारातली. तिने मरणाचा धोका वाढतो, म्हणून हप्ताही वाढू शकतो. आपल्या १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम २०१५ मध्ये दुरुस्त झाले. पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर तिच्यावर हरकत घेता येत नाही. मात्र त्याआत लबाडी उघडी पडली, तर दावा नाकारता येतो. तेव्हा 'नाही' लिहिणारा हयात नसतो. कचेरीच्या पायऱ्या झिजवते ती त्याची बायको. म्हणून सांगतो, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, खरे तेच लिहा.