क्योतो विद्यापीठ : त्रेचाळीस तास अकरा मिनिटं

(वेळा ठाण्यातल्या खोपटच्या घड्याळाच्या आहेत. जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे चालतं.)

३ डिसेंबर २०२१, दुपारी २.०२
क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर 'लार्ज-झीरो' हा मोठा साठा आहे. तिथे संशोधकांच्या फायली असतात. या मिनिटानंतर ज्या फाइलमध्ये काही बदल होईल ती वाचेल. जी आधीच पुरी करून, तपासून ठेवून दिली आहे, ती धोक्यात आहे. हे अजून कुणालाही ठाऊक नाही.

मधले दिवस
बॅकअपची स्क्रिप्ट ह्यूलेट पॅकार्डच्या जपानी कंपनीने दिलेली. दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फायली 'फाइंड' कमांडने शोधून पुसणं हेही तिच्याकडचं एक काम. 'फाइंड' पुरे उलटलेले दिवसच मोजते, त्यामुळे 'दहाच्या वर' जायला अकरा दिवस भरावे लागतात. कंपनी स्क्रिप्टमध्ये सुधारणा करते, ती वाचायला सोपी जावी म्हणून काही व्हेरिएबलची नावं बदलते. बदल चांगल्या हेतूने केलेला आहे. घात होतो तो नवी स्क्रिप्ट जागेवर ठेवताना.

१४ डिसेंबर, मंगळवार, दुपारी २.०२
पुसापुशी सुरू.

बॅकअप चालू असतानाच जुन्या स्क्रिप्टवर नवी लिहिली गेली आहे. स्क्रिप्ट चालवणारा बॅश ती अख्खी आधी वाचून घेत नाही, काम करत करत पुढचा मजकूर वाचतो. म्हणून वरचा भाग जुन्या स्क्रिप्टचा चालला आणि खालचा नवीचा. नवी नावं ज्या ओळींत ठरवली होती त्या वाचल्याच गेल्या नाहीत. फाइंडला फोल्डरच्या नावाच्या जागी काहीच मिळालं नाही, आणि लॉग सोडून ती थेट लार्ज-झीरोत शिरली.

ठाण्यातल्या कॉलेजांत लिनक्सची लॅब आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी इथे थांबून स्वतःच्या स्क्रिप्ट उघडून पाहाव्यात, असं मला मनापासून वाटतं. नवी फाइल शेजारी वेगळ्या नावाने लिहावी आणि मग 'एमव्ही' कमांडने जुनीच्या जागी आणावी. चालू असलेला बॅश तेव्हा जुनीच फाइल शेवटपर्यंत वाचतो. सर्व्हर सांभाळायचं अ‍ॅन्सिबल हे साधन फायली याच रीतीने बदलतं. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -यू' असेल, तर न ठरवलेलं नाव समोर येताच काम तिथेच थांबतं.

मंगळवार रात्र
सरासरी काढली तर दर मिनिटाला तेरा हजारांवर फायली जात आहेत. संगणकाच्या दृष्टीने ही सांगितलेलीच साफसफाई आहे.

१५ डिसेंबर, बुधवार
दिवसभर तेच.

लॉगच्या बाबतीत जुनं म्हणजे टाकाऊ, हा नियम बरोबर आहे. संशोधनात तो उलटा होतो. अकरा दिवस जी फाइल बदलली नाही, ती बहुधा काम संपलेली फाइल असते. ज्या निकालांवर प्रबंध उभा राहायचा, जे आकडे काढायला महासंगणकाचे कित्येक तास खर्ची पडले, ते याच गटात येतात. अर्धवट कामं वाचली आणि पुरी झालेली गेली. या प्रकरणातलं मला सर्वांत बोचतं ते हेच. आणि हे केलं कुणी, तर त्या फायली राखण्यासाठी नेमलेल्या बॅकअपनेच.

१६ डिसेंबर, गुरुवार, सकाळी ९.१३
पुसापुशी थांबली. त्रेचाळीस तास अकरा मिनिटं झाली होती.

सुमारे ७७ टेराबाइट डेटा आणि सुमारे ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांतल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता येणार नाही, असं विद्यापीठाने सांगितलं.

त्यानंतर
कंपनीने विद्यापीठाला पत्र लिहून जबाबदारी शंभर टक्के आपली असल्याचं मान्य केलं. बॅकअप बंद ठेवण्यात आला. स्क्रिप्टमधला दोष काढून जानेवारी २०२२ च्या अखेरीस तो पुन्हा सुरू करायचं ठरलं. नुसत्या मिररवर न थांबता इन्क्रिमेंटल बॅकअपही काही काळ ठेवावा, असा विचार विद्यापीठाने मांडला. मिरर मूळ साठ्याची आजची स्थिती उतरवून घेतो, पुसलेली जागासुद्धा. इन्क्रिमेंटलमध्ये कालची फाइल सापडते.