१९६२ सालच्या दोन बेस गिटारी

जुबिलीच्या या स्मरणिकेंत वेदी, घंटा व शाळा यांच्या इतिहासास जागा मिळावी हें योग्यच आहे. परंतु आमची तरुण मंडळी ज्या वाद्यांच्या साथीनें मिस्सांत गातात, त्या वाद्यांसहि इतिहास आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाहीं. गायकवृंदाच्या मागें चार जाड तारांची गिटार घेऊन एखादा तरुण उभा असतो. तिचा स्वर कानापेक्षां छातीस अधिक जाणवतो. हीच विजेवर चालणारी बेस गिटार होय. असें एखादें जुनें वाद्य हातीं आलें, तर तें होतें तसेंच जपावें, कीं आपल्या गरजेप्रमाणें त्यांत फेरफार करावे, हा प्रश्न या मंडळींत वारंवार निघतो. त्याचें उत्तर आम्ही इतिहासांत शोधूं.

पूर्वी पाश्चात्य संगीतांत खर्जाचें काम डबल बेस करीत असे. हें व्हायोलिनसारखें दिसणारें वाद्य माणसाहून उंच, नेण्याआणण्यास अवघड, आणि मोठ्या वाद्यवृंदांत त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेंतील सिएटल शहरीं पॉल टटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारास विजेची बेस गिटार केली, पण ती फारशी चालली नाहीं. यश आलें तें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांस, १९५१ सालीं. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांस स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. त्यांनीं भरीव लाकडाचें अंग केलें, ३४ इंच लांबीच्या मापावर चार तारा ताणल्या व दांडीवर धातूचे पडदे बसविले. पडद्यांमुळें स्वर नेमका लागतो, म्हणून त्या गिटारीस ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असें नांव दिलें. तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. यासच पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली कीं वेटोळ्यांत अतिसूक्ष्म वीज उत्पन्न होते, आणि ध्वनिवर्धकांतून तिचाच स्वर बाहेर पडतो. पुढें १९६० सालीं फेंडर यांनीं दोन पिकअपांची व माथ्याशीं निमुळत्या दांडीची ‘जाझ बेस’ काढली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. व्हायोलिनची दांडी सरसानें चिकटवितात. फेंडर यांनीं ती चार स्क्रूंनीं बसविली. भाग काढावा, बदलावा व पुन्हां बसवावा, ही सोय निर्मात्यानेंच करून ठेविली होती. १९६५ च्या जानेवारींत त्यांनीं आपला कारखाना सीबीएस कंपनीस विकला, आणि त्यापूर्वींच्या वाद्यांस पुढें संग्राहकांत मोठी किंमत आली.

आतां त्या काळच्या दोन गिटारींची कथा सांगतों. पहिली १९६२ सालची प्रिसिजन. ती डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत साथ करणारे जेम्स जेमर्सन यांची. त्यांनीं तिची मूळ घडण बदलली नाहीं. तारासुद्धां ते क्वचितच बदलीत. सपाट गुंडाळीच्या मळक्या तारा, घोडीपाशीं दाबलेला स्पंजाचा तुकडा आणि उजव्या हाताची एकच तर्जनी, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं असा खर्ज दिला कीं त्याचें अनुकरण पुढें जगभर झालें.

दुसरी गिटार जाको पास्टोरियस यांची. त्यांचा जन्म १९५१ सालचा, म्हणजे फेंडरची पहिली बेस निघाली त्याच वर्षाचा. फ्लोरिडांत विल्टन मॅनर्स येथील सेंट क्लेमेंट चर्चमध्यें ते लहानपणीं वेदीसेवक होते. त्यांच्या हातीं १९६२ सालची एक जाझ बेस आली. तिचे पडदे आपण सुरीनें उपटून काढले, असें ते सांगत. या कथेचे दुसरेहि पाठ आहेत. पडद्यांच्या खांचा भरून दांडीवरील शिसवी पट्टीवर बोटींस लावण्याचें कठीण इपॉक्सी चढविलें, म्हणजे खरखरीत पोलादी तारांनीं लाकूड झिजूं नये. त्यामुळें ती गिटार आमच्या सरोदासारखी झाली: पडदा नाहीं, बोटाखालीं कठीण गुळगुळीत पृष्ठभाग, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातां येते. १९७६ सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत खर्जाचें वाद्य माणसासारखें गाऊं लागलें.

एकानें कांहीं बदललें नाहीं, दुसऱ्यानें वाद्याचा कणाच बदलला. दोघेहि थोर ठरले. दोघांच्या नशिबीं मात्र एकच दुःख आलें. जेमर्सन यांची गिटार १९८३ सालीं त्यांच्या मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस चोरीस गेली. जाको यांस मनोविकारानें व मद्यानें ग्रासलें. त्यांच्या गिटारीचे तुकडे झाले, कारागिरांनीं ते जुळविले, आणि १९८६ सालीं न्यू यॉर्कच्या एका बागेंतील बांकावरून ती नाहींशी झाली. पुढच्याच वर्षीं, बालपणीं जेथें वेदीची सेवा केली त्याच गांवीं झालेल्या मारहाणीनें, वयाच्या ३५ व्या वर्षीं त्यांस मरण आलें. वीस वर्षांनीं गिटारीचा शोध लागला. मेटॅलिका वाद्यवृंदाचे रॉबर्ट ट्रुहियो यांनीं पैसे भरून ती सोडविली, आणि २०२४ सालीं तिची मालकी पास्टोरियस कुटुंबाकडे सोंपविली. पैसे मोजले म्हणून वस्तु आपली झाली असें त्यांनीं मानलें नाहीं, हें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें.

तर मग मूळ प्रश्नाचें उत्तर काय? जाको यांनीं हात घातला तेव्हां ती गिटार सुमारें दहा वर्षांची, सामान्य जुनी वस्तु होती. आज त्या सालच्या थोड्याच उरल्या आहेत. म्हणून आतां जो फेरफार परत फिरवितां येतो तो खुशाल करावा, जो येत नाहीं तो टाळावा. पडदे नकोत, तर चार स्क्रू काढून दुसरी बिनपडद्याची दांडी लावावी व मूळची जपून ठेवावी. पिकअप बदलल्यास जुना फेंकूं नये. रोगण खरवडूं नये, नवीं भोंकें पाडूं नयेत. पावसाळ्याच्या दमट हवेनें दांडी वांकते. तींतील पोलादी सळई जाणत्या हातानें थोडथोडीच फिरवावी.

आणि वाद्य पेटींत निजवून ठेवूं नये. वरील दोन गिटारी जुन्या म्हणून थोर झाल्या नाहींत. त्या रोज वाजल्या म्हणून झाल्या. ज्याच्या हातीं आज असें वाद्य आहे त्यानें तें सुरांत वाजवावें, आणि पुढील हातीं धडधाकट द्यावें, एवढीच आमची विनंती आहे.