किंचेम आणि तिचा मोतद्दार

स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा ‘मी एका घोडीवर लिहिते’ म्हटल्यावर त्या हसल्या. भगिनींनो, आपणही हसाल. शर्यत हा शब्द आपल्या घरांतून फारसा आवडीचा नाही, आणि का नाही हे मी सांगायला नको. पगाराचे पाकीट घेऊन महालक्ष्मीच्या मैदानाकडे गेलेला माणूस रिकाम्या खिशाने परतला, की त्या घरी चूल कशी पेटते ते बायकांनाच ठाऊक! तेव्हा पैजेचे गुणगान करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण त्यात त्या मुक्या जनावराचा काय दोष?

शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची वंशावळ मोठ्या काटेकोरपणे ठेवलेली असते. आज जगात या जातीचे जेवढे घोडे आहेत, त्या सर्वांचे पितृकुळ अठराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडात आलेल्या तीन पौर्वात्य घोड्यांपर्यंत जाऊन पोचते. पित्यांची नावे सर्वतोमुखी, आयांची मात्र वहीच्या पानांत! अठरा शर्यती धावून एकदाही न हरलेल्या ‘एक्लिप्स’ या इंग्रजी घोड्याचे नाव घोड्यांच्या प्रत्येक पुस्तकात भेटते. आणि चोपन्न शर्यती धावून चोपन्नही जिंकणाऱ्या घोडीचे नाव हंगेरीबाहेर किती जणांना ठाऊक आहे?

तिचे नाव किंचेम. हंगेरियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माझा ठेवा’. आपण नाही का लेकीला ‘माझं सोनं गं’ म्हणत, तसेच ते. १७ मार्च १८७४ रोजी किशबेर येथील पागेत ती जन्मली. आईचे नाव वॉटर निम्फ, बापाचे कॅम्बस्कन. मालक एर्नो ब्लास्कोविच नावाचे जमीनदार. लहानपणी ती दिसायला काही विशेष नव्हती. लांबोडकी, पायांत बळ नसल्यासारखी. विक्रीला काढलेल्या सात शिंगरांपैकी पाच गिऱ्हाइकाने पसंत केली आणि दोन नाकारली, त्या दोघांत ही एक होती असे सांगतात. दाखवून नाकारलेल्या मुलीची गोष्ट आपल्याला नवी नाही.

तिला शिकवणारा रॉबर्ट हेस्प हा हंगेरीत स्थायिक झालेला इंग्रज. १८७६ साली, दोन वर्षांची असताना, ती बर्लिनला पहिल्यांदा धावली. त्या एका मोसमात तिने बर्लिन, हॅनोव्हर, हॅम्बर्ग, व्हिएन्ना, प्राग अशा निरनिराळ्या गावी दहा शर्यती जिंकल्या. पुढल्या वर्षी सतरा, १८७८ साली पंधरा आणि १८७९ साली बारा. हजार मीटरहून कमी अंतराची धाव असो की चार हजारांहून अधिक, तिला सारखेच. जवळच्या पल्ल्याचे घोडे वेगळे आणि लांबच्या पल्ल्याचे वेगळे, हा जो नेहमीचा नियम, तो हिने मानलाच नाही. अलीकडची ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हियर ही घोडीही अजिंक्य राहून २०१३ साली निवृत्त झाली. पण तिच्या शर्यती पंचवीस. यावरून चोपन्न म्हणजे काय ते ध्यानात येईल.

आणि हा सगळा प्रवास आगगाडीने, गावोगावच्या तबेल्यांत मुक्काम करीत! १८७८ च्या उन्हाळ्यात तिला समुद्रापलीकडे इंग्लंडला नेले. गुडवुडच्या करंडकासाठी अडीच मैलांहून अधिक धाव होती. इंग्रजांनी या परदेशी पाहुणीकडे फारसे गंभीरपणे पाहिले नव्हते. मैदानात तिघेच उरले, आणि करंडक हंगेरीला गेला. तिथून फ्रान्समध्ये दोव्हिल, तिथली शर्यत जिंकून जर्मनीत बाडेन-बाडेन. येथे मात्र बाका प्रसंग आला. प्रिन्स जाइल्स नावाचा घोडा तिच्याबरोबर एकाच क्षणी खांबाशी पोचला. तिच्या जॉकीने त्या दिवशी मद्य घेतले होते, असे पुष्कळजण म्हणतात. बरोबरीत सुटलेली शर्यत त्या काळी पुन्हा धावत. महिनाभर देशोदेशी हिंडून शिणलेली ती घोडी त्याच दिवशी दुसऱ्यांदा धावली आणि सहज जिंकली. चोपन्नांत एवढाच काय तो अटीतटीचा क्षण.

पण मला अधिक ओढ वाटते ती तिच्या तबेल्यातल्या मंडळींची. एक मांजर तिची जिवलग होती. प्रवासाला ती हवीच. इंग्लंडहून परतताना बोटीतून उतरल्यावर मांजर दिसेना, तेव्हा किंचेम धक्क्यावरच अडून बसली आणि दोन तास खिंकाळत राहिली. मांजर येऊन पाठीवर बसल्यावरच ती गाडीत चढली म्हणे. पाणी तिला आपल्या घरचेच लागे. बाडेनला ते संपले, तेव्हा तिने तीन दिवस तोंड लावले नाही, अशी कथा आहे. यातले किती खरे आणि किती प्रेमाने वाढवलेले, कोण जाणे. माहेरच्या विहिरीच्या पाण्याची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना तरी ती खोटी वाटणार नाही.

आणि मांजरीपेक्षाही जवळचा होता तो तिचा मोतद्दार फ्रँकी. खरारा करणारा, चंदी चारणारा, तिच्या थानाशेजारी झोपणारा. गाडीत फ्रँकी चढल्याशिवाय ती अंग टेकत नसे. एका थंडीच्या रात्री तो पांघरुणावाचून निजलेला पाहून तिने आपल्या अंगावरची झूल दातांनी ओढून त्याच्यावर टाकली, आणि त्यानंतर पुन्हा कधी झूल अंगावर राहू दिली नाही, असे सांगतात.

१७ मार्च १८८७ रोजी, तेराव्या वाढदिवसालाच, पोटशुळाने किंचेम गेली. तिचा सांगाडा बुडापेस्टच्या कृषी संग्रहालयात जपून ठेवला आहे. त्या शहरातल्या शर्यतीच्या मैदानालाही तिचेच नाव आहे. २०१७ साली तिच्यावर हंगेरीत मोठा चित्रपटही निघाला. तिला पाच शिंगरे झाली. थोरल्या लेकीने १८८५ साली जर्मन डर्बी जिंकली. १९७४ साली इंग्लंडची ओक्स जिंकणारी पॉलिगमी आणि २०१२ साली तिथली डर्बी जिंकणारा कॅमेलॉट ही दोघेही किंचेमच्याच कुळातली. आणि हे कुळ मोजायचे ते बापाकडून नव्हे, लेकीकडून लेकीकडे.

मालकाचे नाव इतिहासात राहिले, शिकवणाऱ्याचे राहिले, जॉकीचेही राहिले. फ्रँकीचे आडनाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. त्याने लग्न केले नाही. सैन्यात भरती होताना नाव विचारले, तेव्हा त्याने ‘फ्रँकी किंचेम’ असे सांगितले, आणि त्याच्या थडग्यावरही तेच कोरले आहे म्हणतात.