एआय एजंटांसाठी सॉफ्टवेअर साधनांचे दस्तऐवजीकरण

एआय एजंटांसाठी सॉफ्टवेअर साधनांचे दस्तऐवजीकरण : एखादे सॉफ्टवेअर साधन काय करते, त्याला कोणती माहिती पुरवायची, त्यातून काय मिळते आणि काय बिघडू शकते, हे एआय एजंटाला नेमके कळेल अशा रीतीने लिहून ठेवण्याची पद्धत. एजंट म्हणजे सोपवलेले काम पुरे करण्यासाठी स्वतः साधन निवडणारा, ते चालवणारा आणि आलेल्या उत्तरावरून पुढची पायरी ठरवणारा प्रोग्रॅम. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका ही जुनीच गोष्ट आहे. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांची युनिक्सची पहिली पुस्तिका नोव्हेंबर 1971 मध्ये निघाली. तिच्यात प्रत्येक आज्ञेचे नाव, ती लिहिण्याची रीत, वर्णन आणि ज्ञात दोष असे ठरावीक भाग होते. ती वाचणारा माणूस होता. अडले तर तो सहकाऱ्याला विचारू शकत होता. एजंटाला ही सोय नेहमी मिळतेच असे नाही. वर्णनात जे राहून गेले ते तो बहुधा अंदाजाने भरून काढतो आणि साधन चालवतो. म्हणून एजंटाच्या बाबतीत दस्तऐवज ही साधनाला मागाहून जोडलेली पुरवणी राहत नाही, तो साधनाचाच भाग ठरतो.

जून 2023 मध्ये ओपनएआयने आपल्या एआय प्रारूपांना (मॉडेलांना) बाहेरची फंक्शने वापरण्याची सोय दिली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिकने साधने प्रारूपांना जोडण्याचा ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (एमसीपी) खुला केला. दोन्हींत साधनाची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी होते : नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा. स्कीमा माहितीचे स्वरूप तपासतो, अर्थ तपासत नाही. उदाहरणार्थ, ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या रेझरपेच्या एपीआयमध्ये रक्कम पैशांत द्यावी लागते. 500 रुपयांसाठी 50000 लिहायचे. यूपीआयच्या पेमेंट-लिंकमध्ये मात्र तीच रक्कम रुपयांत, 500.00 अशी लिहितात. पहिल्या ठिकाणी 500 लिहिले तर मागणी पाच रुपयांची होते, दुसऱ्या ठिकाणी 50000 लिहिले तर पन्नास हजारांची. दोन्ही आकडे स्वरूपाच्या तपासणीत पास होतात. ‘रक्कम पैशांत, पूर्णांकात, 500 रुपये म्हणजे 50000’ एवढे एक वाक्य वर्णनात असले की अंदाजाला जागा उरत नाही.

चांगल्या नोंदीत साधन केव्हा वापरू नये, हेही लिहिलेले असते. ते केवळ माहिती वाचते की काही बदलते, बदल परत फिरवता येतो का, आणि उत्तर न आल्यास तीच आज्ञा पुन्हा दिली तर काम दुबार होईल का, हे तीन प्रश्न पैशाच्या व्यवहारात कळीचे असतात. एमसीपीमध्ये यांच्याशी मिळतेजुळते स्वतंत्र सूचक आहेत. त्रुटीचा संदेश हाही दस्तऐवजच असतो. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2024 मध्ये मांडलेल्या ‘एसडब्ल्यूई-एजंट’मध्ये शोधाचे निकाल 50 पेक्षा जास्त झाले, तर ते न दाखवता शोध अधिक नेमका करण्याची सूचना एजंटाला मिळते. नुसते ‘त्रुटी आली’ म्हणण्याऐवजी पुढे काय करायचे ते सांगितल्याने एजंटाला मार्ग बदलता येतो.

यावर पहिला आक्षेप असा की, प्रारूपे हुशार होत आहेत, ती मूळ कोड वाचून सारे समजून घेतील. पण दूरच्या सेवेचा कोड एजंटाला सहसा दिसत नाही. आणि दिसला तरी साधन काय करते ते कळेल, ते कोणत्या हेतूने व कोणाच्या परवानगीने वापरायचे हे कळेलच असे नाही. दुसरा आक्षेप लांबीचा आहे. प्रारूप एका वेळी वाचू शकते त्या मर्यादित मजकुरात प्रत्येक वर्णन जागा घेते, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे प्रास्ताविक व जाहिरातीचा मजकूर गाळणे. एकके, अटी आणि परिणाम गाळणे नव्हे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : वर्णन खोटे असू शकते, त्यात घातक सूचना दडवता येतात. एमसीपीचे विनिर्देशही अविश्वासू सर्व्हरकडून आलेले सूचक ग्राह्य धरू नयेत असे बजावतात. म्हणून परवानग्या, खर्चाच्या मर्यादा आणि मोठ्या बदलाआधी माणसाची संमती यांची तजवीज सॉफ्टवेअरमध्येच हवी. मात्र कुलूप चांगले असले तरी प्रामाणिक कामातली चूक टाळायला स्पष्ट वर्णनच लागते.

यासाठी माणसांसाठी एक आणि एजंटांसाठी एक अशा दोन पुस्तिका सांभाळण्याचे कारण नाही. त्या कालांतराने एकमेकींशी विसंगत होतात. एकक, अट, परिणाम आणि उपाय नीट सांगणारी एकच नोंद नव्या कर्मचाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते. साधन बदलले की त्याच दिवशी त्याचे वर्णन बदलणे ही ते तयार करणाऱ्याची जबाबदारी आहे, कारण जुने वर्णन वाचून एजंटाने केलेल्या चुकीची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते.