परक्या मुलखातील सनद



परक्या देशात जाऊन स्वतःच्या नावावर धंदा करावयाचा, तर त्या देशाचा परवाना कसा मिळतो आणि पूर्वी तो कसा मिळत असे, हा आजचा विषय आहे. मंगळवार पेठेतील श्रोत्यांस हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु आज येथे बसलेल्या कित्येकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत. त्यांच्या पत्रांतून आणि फोनवरून ‘व्हिसा’, ‘परमिट’, ‘लायसेन्स’ हे शब्द आपल्या कानांवर येतात, आणि त्यांचा अर्थ पुरता उमगत नाही. तो उमगावा म्हणून थोडे मागे जावे लागेल. मात्र फार लांब जाण्याची गरज नाही. आरंभ आपल्या कोल्हापुरापासूनच करता येतो.

परदेश म्हणजे समुद्रापलीकडचा मुलूख, ही समजूत तशी अलीकडची आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तोपर्यंत हे एक निराळे राज्य होते. कागल ओलांडून निपाणीस गेले की इंग्रजी मुलूख लागे, आणि शिरोळकडून कृष्णा उतरून गेले की मिरज-सांगलीची संस्थाने लागत. भाषा तीच, पीकपाणी तेच, सोयरीकही इकडून तिकडे होत असे. पण न्यायकचेरी दुसऱ्याची. शेतकऱ्यास आपला बैल घेऊन पलीकडच्या बाजारी जाता येई. वकिलास मात्र आपली विद्या घेऊन पलीकडच्या कोर्टात सरळ उभे राहता येत नसे, कारण त्याची सनद त्या राज्याची नसे.

हा भेद का पडावा? तो नीट समजून घेतला पाहिजे. परक्या मुलखात पोटासाठी जाणारी माणसे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिला नोकर, त्याच्यासाठी त्याचा मालक जबाबदार असतो. दुसरा व्यापारी, त्याचा माल गिऱ्हाईक हातात घेऊन पारखू शकते. तिसरा वकील, वैद्य, शिल्पी यांसारखा स्वतंत्र व्यवसायी. त्याच्या पाठीशी मालक नसतो आणि त्याचा मालही डोळ्यांना दिसत नाही. वैद्याचे औषध चुकीचे होते, हे रोगी दगावल्यावर कळते. वकील कच्चा होता, हे जमीन गेल्यावर कळते. म्हणून राज्यसंस्था मध्ये पडते आणि म्हणते, ‘या मनुष्याची परीक्षा आम्ही घेतली आहे.’ हीच सनद.

सनदेचा हा पहिला हेतू झाला, आणि तो सर्वस्वी योग्य आहे. पण तिला दुसराही एक हेतू चिकटलेला असतो. आत असलेल्यांना बाहेरचा भागीदार नको असतो. मग तेच ‘परीक्षे’चे कुंपण ते आपल्या पोटासाठी वापरू लागतात. कुंपण दिसायला एकच, पण ते कधी गिऱ्हाइकाचे रक्षण करते आणि कधी आतल्यांच्या मक्त्याचे. आजच्या विषयाचा इतिहास म्हणजे या दोन हेतूंच्या झगड्याचा इतिहास होय.

वकील हा शब्दच पाहा ना. मराठेशाहीत वकील म्हणजे कोर्टात भांडणारा मनुष्य नव्हे. दुसऱ्याच्या दरबारी आपल्या धन्याची बाजू मांडणारा तो वकील. परक्या ठिकाणी उभे राहणे हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. इंग्रजी अमलात तो शब्द कोर्टाच्या आवारात आला आणि धनी जाऊन अशील आले.

इंग्रजी साम्राज्यात या बाबतीत वाट एकाच दिशेने वाहत असे. लंडनच्या चार ‘इन्स’पैकी एकीत नाव घालून बॅरिस्टर झालेला मनुष्य मुंबईच्या हायकोर्टात ॲडव्होकेट म्हणून दाखल होऊ शकत असे. पण मुंबईत कायद्याची परीक्षा देऊन निष्णात झालेल्या वकिलास केवळ त्या बळावर लंडनच्या कोर्टात उभे राहता येत नसे. म्हणून तर आपल्याकडील हुशार तरुण कर्ज काढून, देणग्या मागून विलायतेस जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले, तेव्हा शाहू छत्रपतींनी त्यांना द्रव्यसाहाय्य केले होते, हे आपणा कोल्हापूरकरांस ठाऊकच आहे. ‘ग्रेज इन’मधून ते १९२२ साली बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये परत येऊन त्यांनी मुंबईस वकिली सुरू केली.

याच शाहू छत्रपतींनी सनद देण्याच्या आपल्या अधिकाराचा उपयोग कसा केला, तेही येथेच सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या कोर्टांत वकिली कोणी करावी, हे ठरविणे दरबाराच्या हाती होते. १९२० च्या सुमारास महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील काही तरुणांस वकिलीच्या सनदा दिल्या. ज्यांना गावच्या चावडीची पायरी चढण्याची चोरी होती, ते कोर्टात उभे राहून दुसऱ्याची बाजू मांडू लागले. यावर कोणी विचारील, की मग योग्यतेचे काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा, की शेकडो वर्षे हे कुंपण योग्यतेचे होते की जन्माचे? महाराजांनी ते जन्माचे आहे हे ओळखले होते.

आता आपण कोल्हापूरची वेस ओलांडून समुद्रापलीकडे जाऊ. तेथेही हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा होता.

१८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेस गेले, ते एका वर्षाच्या करारावर, दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी. म्हणजे गेले तेव्हा ते नोकरच होते. वर्ष संपल्यावर नाताळमधील हिंदी लोकांच्या आग्रहामुळे ते राहिले. पण राहायचे तर पोट कसे भरायचे? सार्वजनिक कार्याचे पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा वीसएक व्यापाऱ्यांनी आपापले वर्षाचे वकिली काम त्यांच्याकडे सोपविले. अशा रीतीने ते स्वतंत्र व्यवसायी झाले, आणि लगेच सनदेचा प्रश्न आला. लंडनची बॅरिस्टरी आणि मुंबई हायकोर्टातील नोंद त्यांच्यापाशी होती. नाताळच्या वकील मंडळाने तरीही विरोध केला. मूळ इंग्रजी प्रमाणपत्र जोडलेले नाही, हे एक कारण पुढे केले. मनातले कारण दुसरे होते. सनदेचे नियम केले तेव्हा काळा मनुष्य अर्ज करील असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. एकाला आत घेतले तर पुढे गोऱ्यांची संख्या मागे पडेल, ही ती भीती. १८९४ च्या सप्टेंबरात नाताळच्या वरिष्ठ न्यायालयाने ही हरकत फेटाळली. कायदा गोरा-काळा असा भेद करीत नाही, असा निर्णय झाला आणि गांधीजींना सनद मिळाली. शपथ होताच न्यायाधीशांनी त्यांना कोर्टात पगडी उतरविण्यास सांगितले, आणि मोठ्या लढ्यासाठी बळ राखून ठेवावे म्हणून त्यांनी ती उतरविली.

दुसरी हकीकत इतकी प्रसिद्ध नाही. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. तिचा नायक सखाराम गणेश पंडित. हे पंडित या शतकारंभीच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेस गेले. आरंभी ते हिंदू तत्त्वज्ञानावर व्याख्याने देत. १९१४ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व दिले, आणि १९१७ साली त्यांना कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली. त्या काळी तेथे परक्याला सनद मिळणे किती कठीण होते, याचे एक उदाहरण पुरे. हाँग येन चँग नावाचा चिनी गृहस्थ कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकला होता, न्यूयॉर्कमध्ये त्यास सनदही मिळाली होती. पण १८९० साली कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयाने, चिनी मनुष्य अमेरिकन नागरिक होऊ शकत नाही म्हणून, त्याचा अर्ज नाकारला. म्हणजे सनद नागरिकत्वावर, आणि नागरिकत्व कातडीच्या रंगावर, अशी ही उतरंड होती.

१७९० च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे नागरिकत्व ‘गोऱ्या’ परदेशीयासच मिळू शके. १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी मनुष्य कोठे बसतो? काही न्यायाधीश त्याला आत घेत, काही बाहेर ठेवीत. अखेर भगतसिंग थिंड या पंजाबी शिखाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची बाजू मांडणारे वकील होते हेच सखाराम पंडित. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला, की सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी मनुष्य ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही.

एवढ्यावर भागले नाही. पूर्वी ज्या हिंदी लोकांस नागरिकत्व मिळाले होते, त्यांचे ते काढून घेण्यास अमेरिकन सरकारने सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतील दुकानदार वैष्णो दास बगाई यांचे नागरिकत्व गेले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. सरकारची हीच नोटीस पंडितांवरही आली. अशिलाचा दावा हरलेला वकील आता स्वतःच प्रतिवादी झाला.

पंडितांचे काय जाणार होते ते पाहा. नागरिकत्व गेले की वकिलीची सनद जाणार. सनद गेली की पोट जाणार. त्यांची पत्नी जन्माने अमेरिकन होती. पण नागरिकत्वास अपात्र अशा परक्याशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व १९२२ च्या कायद्याने जात असे. त्यामुळे ती आपल्याच देशात परकी होणार होती, आणि इंपीरियल व्हॅलीतील तिची जमीनही धोक्यात येणार होती.

पंडितांनी रंगाचा वाद पुन्हा घातला नाही. तो ते हरून बसले होते. त्यांनी निराळा मुद्दा काढला. १९१४ साली न्यायालयाने सरकारसमक्ष निकाल दिला. त्यावर सरकारने अपील केले नाही. त्या निकालावर विश्वास ठेवून मी धंदा मांडला, संसार केला, मागचे पाश तोडले. आता तोच निकाल इतक्या वर्षांनी कसा उकरता येईल? खालच्या कोर्टाने हा युक्तिवाद मानला. १९२६ साली वरच्या फेरन्यायालयानेही मानला. आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे पुढील गाऱ्हाणे ऐकण्यास नकार दिला. पंडितांची सनद राहिली, आणि हिंदी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्याच्या त्या मोहिमेचा जोरही ओसरला. पुढे १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांस नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाने आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, वकिलीसाठी नागरिक असलेच पाहिजे ही अटच रद्द ठरविली. २०१५ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने हाँग येन चँगला सनद दिली, पण तेव्हा तो हयात नव्हता.

या हकीकतीवरून आजच्या मुलांस काय सांगावे? एक व्यावहारिक गोष्ट अशी, की नोकरीचा परवाना आणि स्वतंत्र धंद्याचा परवाना या दोन निराळ्या वस्तू आहेत. अमेरिकेत ‘एच-वन-बी’ व्हिसावर गेलेला मुलगा ज्या मालकासाठी परवानगी आहे त्याचेच काम करू शकतो. रात्री घरी बसून स्वतःच्या नावाने गिऱ्हाईक घेऊ शकत नाही. जर्मनीत भाषांतर, चित्रकला, शिकवणी यांसारखे स्वतंत्र व्यवसाय निराळे आणि दुकान-व्यापार निराळा असा भेद कायदाच करतो, आणि परकीयाच्या निवासपरवान्यात स्वतंत्र कामाची मुभा असावी लागते. तेव्हा कागद नीट वाचल्याशिवाय पहिले गिऱ्हाईक घेऊ नये, एवढे वडिलधाऱ्यांनी बजावून सांगावे.

दुसरी गोष्ट आपण स्वतःस सांगावयाची आहे. आपणही आता कुंपणाच्या आतले आहोत. आपल्या १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाप्रमाणे परक्या देशाच्या नागरिकास येथे वकिली करता येते, ती त्या देशाने आपल्या नागरिकास तशी मुभा दिली असेल तरच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परदेशी वकिलांनी येऊन-जाऊन आपल्या देशाच्या कायद्याबद्दल सल्ला द्यावा, येथे ठाण मांडून वकिली करू नये. २०२३ मध्ये बार कौन्सिलने नियम करून दार थोडे किलकिले केले, तेही परस्परांच्या मुभेवर आणि कोर्टात उभे राहणे वगळून. हे धोरण बरे की वाईट, याबद्दल मतभेद असू शकेल. पण त्यावर बोलताना आपण कोणत्या हेतूने बोलत आहो, गिऱ्हाइकाच्या की आपल्या पोटाच्या, हे प्रत्येकाने मनाशी तपासून पाहावे.

राज्याने सनद देताना परीक्षा अवश्य घ्यावी, कसून घ्यावी. पण ती माणसाच्या कामाची असावी. त्याच्या जातीची, रंगाची वा जन्मगावाची नसावी. आणि एकदा सनद दिली, की तिच्या भरवशावर तो मनुष्य घर बांधतो, लग्न करतो, मुले शाळेत घालतो, हे देणाऱ्याने विसरू नये. पंडितांनी न्यायालयास हेच पटवून दिले.

१९३१ साली राजाराम महाराजांनी कोल्हापुरात स्वतंत्र हायकोर्ट स्थापिले होते. विलीनीकरणात ते गेले. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले आहे. ज्या गावात एकेकाळी निपाणीचा वकीलही परका होता, तेथे आता देशातल्या कोणत्याही राज्यात सनद घेतलेला वकील येऊन उभा राहू शकतो. ही सोय आपणांस इतकी सहज वाटते, की तिच्यामागचा झगडा दिसत नाही. तो दिसावा, आणि परक्या गावी दार ठोठावणाऱ्या आपल्या मुलांची, तसेच आपल्या दारी येणाऱ्या परक्याचीही कदर आपणांस यावी, एवढ्यासाठी हा विषय आपणांपुढे मांडला.