खिट्टीचे दार

१९५० च्या दशकातला अमेरिकन फ्रिज पाहिला की नजर आधी जाते ती त्याच्या मुठीकडे. चांगली जाडजूड, क्रोमची मूठ. ती ओढली की आतली खिट्टी सुटते, आणि दार लोटले की ‘खट्’ असा आवाज करून खाचेत बसते. जुन्या वस्तूंचे शौकीन या आवाजावर जीव टाकतात. गेल्या वर्षी नात्यातल्या एका घरातून त्या दशकाच्या आरंभीचा असा फ्रिज माझ्याकडे आला. तो शोभेला न ठेवता रोजच्या दूधभाजीसाठी वापरायचा असे ठरले, आणि पहिला प्रश्न त्या खिट्टीचाच उभा राहिला.

तेव्हाच्या या दारांच्या रबरात चुंबक नसे. दार चौकटीवर दाबून धरायचे काम खिट्टी करी, म्हणून गारवा आत टिके. पण ती उघडे फक्त बाहेरून. लपाछपी खेळताना बंद पडलेल्या फ्रिजमध्ये शिरलेल्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते वेगळे सांगायला नको. भिंती जाड, मध्ये काचेची लोकर, दाराला घट्ट रबर. हवा आत येत नाही आणि हाक बाहेर जात नाही. अमेरिकेत जुने फ्रिज परसात आणि कचऱ्याच्या ढिगांवर जाऊन पडू लागले, तसे मुले गुदमरल्याच्या बातम्या वरचेवर येऊ लागल्या. अखेर २ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे कायदा झाला. ३० ऑक्टोबर १९५८ पासून घरगुती फ्रिजचे दार आतून उघडता आलेच पाहिजे, असे त्याने बंधन घातले.

आतून उघडायचे, पण कसे? लहान मूल अंधारात नेमके काय करते? यावरचा एक अभ्यास ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते पाच वर्षांच्या २०१ मुलांना एका खास बनवलेल्या कपाटात थोडा वेळ ठेवून, दार सोडवण्याच्या सहा युक्त्या तपासल्या होत्या. आज असा प्रयोग करायला कोणी सहजी परवानगी देईल असे मला वाटत नाही. तरीही त्यातले आकडे विसरता येत नाहीत. २४ टक्के मुलांनी सुटायची धडपड जवळजवळ केलीच नाही. पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्मी ओरडलीसुद्धा नाहीत. दार ढकलले तर उघडेल अशी सोय होती, तिथे ६१ टक्के मुलांनी ते ढकलले. हाताशी धरायला काही दिले, तर ४० टक्के मुलांनी ते दाराच्या गोल मुठीसारखे फिरवून पाहिले. मोठ्यांच्या डोक्यातून निघालेली हुशार कळ मुलांच्या कामाची नाही, नुसता धक्का पुरला पाहिजे, असा अर्थ मी तरी यातून घेते. अमेरिकन नियमात पुढे मापही आले: आतून १५ पौंडांच्या जोराने दार उघडावे. म्हणजे साधारण सात किलो.

योगायोग असा, की गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रिज बाजारात आणला तेही १९५८ सालीच. त्याआधी आपल्याकडच्या मोजक्या घरांत फ्रिज असे तो परदेशी. अमेरिकेतला कायदा नव्या मालाला लागू होता. बोटीतून आधीच आलेल्या कपाटांच्या खिट्ट्या होत्या तिथेच राहिल्या. आपल्याकडे तर फ्रिज दिवाणखान्यात ठेवत आणि वर त्याला कुलूपही असे.

माझ्या फ्रिजचे मेकॅनिक साठी उलटलेले. ते म्हणाले, ‘‘ताई, खिट्टी काढली तर हे दार धरून कोण ठेवणार?’’ प्रश्न रास्त होता. नुसती खिट्टी काढली तर दार सैल पडते, आत घाम धरतो, बर्फाचा कप्पा दोन दिवसांत गच्च होतो. मूळ वस्तू आहे तशी जपावी, हे संग्रहालयाचे तत्त्व मला मान्य आहे. पण ज्या घरात भाचरे सुट्टीला येतात, तिथे ते चालवायची माझी तयारी नव्हती. आम्ही खिट्टी आणि खाच दोन्ही काढली, दाराच्या कडेला चुंबकपट्टीचे रबर बसवले, आणि मूठ ओढायला म्हणून ठेवली. आवाज गेला.

बाकीच्या कामात मन इतके अडले नाही. कॉम्प्रेसर ११५ व्होल्ट, ६० सायकलचा. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलते, पण आपल्या विजेचे ५० सायकल काही बदलत नाहीत, आणि मोटर मंद चालून तापते. शिवाय आतला गॅस होता आर-१२. त्याआधीच्या काही फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत, त्या मानाने हा गॅस घरात वरदानच होता. पण तो वर ओझोनच्या थराला खातो हे पुढे कळले, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. ‘‘स्वस्तातला ज्वलनशील गॅस भरू,’’ अशीही एका दुकानातून सूचना आली. जुन्या थर्मोस्टॅटच्या आणि दिव्याच्या उघड्या संपर्कांतून ठिणगी उडू शकते, म्हणून ती मी ऐकली नाही. नव्या गॅसचा २३० व्होल्टचा कॉम्प्रेसर घेतला, नळ्या धुऊन फिल्टर आणि केशनळी बदलली. दोन पिनांची मूळ वायर काढून तीन पिनांची लावली. पत्र्याच्या एवढ्या मोठ्या धुडाला अर्थिंगच नव्हते!

मुलामा मात्र मूळचाच आहे, टवके उडालेले दिसतात. बर्फ दहा-बारा दिवसांनी हाताने वितळवावा लागतो.

दाराची परीक्षा आम्ही दोनदा घेतली. कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावले आणि ती चारही बाजूंनी ओढून पाहिली. वरच्या कोपऱ्यात ती सहज सुटली, तेव्हा बिजागरी घट्ट केली. मग मुठीला ताणकाटा अडकवून दार ओढले. काटा तीन किलोच्या थोडा पुढे गेला आणि दार उघडले.